डेलमारची उसनी जीभ

डेलमार स्वोबोडाच्या घरात रोज सकाळी दोनशे माणसं खदखदून हसायची. घरात राहणारा माणूस मात्र एकच, आणि तो हसण्यासाठी प्रसिद्ध नव्हता.

त्याची बैठकीची खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक गाडी जाईल एवढीच वाट आहे. डेलमारला उजव्या कानाने कमी ऐकू येतं आणि डाव्या कानाने सोयीपुरतं, त्यामुळे त्याच्या टीव्हीच्या आवाजाने माझ्या कपाटातल्या बश्या किणकिणतात. रात्री उशिरा न्यूयॉर्कहून एक कार्यक्रम लागायचा. सूट घातलेला एक माणूस टेबलामागे बसून दिवसभराच्या बातम्यांची सालं काढायचा आणि समोरची दोनशे माणसं हसायची. डेलमार कोंबड्यांच्या आधी झोपणारा. तो कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवायचा आणि सकाळी अंडं उकडेपर्यंत बघायचा. नंतर टोपी चढवून बेकरीत जायचा आणि तिथे तेच जोक स्वतःचे म्हणून वाटायचा.

हे मला जवळजवळ दोन वर्षं माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नाही. माझ्याबद्दल न्यू ताबोर गावात जे बोललं जातं त्यात तथ्य असतं तर हे एक तास तरी माझ्या पोटात राहिलं असतं का, तुम्हीच सांगा.

डेलमार आयुष्यभर गारपिटीच्या विम्याचे पंचनामे करत आला. आयोवात गारा पडल्या की मक्याच्या पानांच्या चिंध्या होतात, शेतकरी कपाळाला हात लावून बांधावर बसतो, आणि मग विमा कंपनीकडून एक माणूस येतो. तो शेतात शिरतो, एक बुंधा वाकवून बघतो, एक कणीस सोलून बघतो, बाहेर येऊन बुटांचा चिखल झटकतो आणि म्हणतो, "इतकं काही झालेलं नाही." तो माणूस म्हणजे आमचे डेलमारराव. हे एकच वाक्य त्याने तीस वर्षं अख्ख्या तालुक्याला ऐकवलं. त्याचा हिशेब चुकायचा नाही, ही त्याहून वाईट गोष्ट. ऑक्टोबरात मका त्याने सांगितला होता तेवढाच निघायचा. असल्या माणसावर गाव किती प्रेम करतं याची कल्पना तुम्ही करू शकता.

बेकरीत खिडकीशी एक मोठं गोल टेबल आहे. निवृत्त शेतकऱ्यांचं ते सिनेट. रोज सकाळी तिथे चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवायचे, हरेल त्याने सगळ्यांची कॉफी द्यायची, आणि जगाचे निकाल लावायचे. डेलमार निवृत्त झाला तेव्हा त्या टेबलाशी त्याला खुर्ची नव्हती. तिथल्या प्रत्येकाला त्याने कधी ना कधी "इतकं काही झालेलं नाही" म्हटलेलं. पुढे बायकोही गेली. मग तो भिंतीशी, कोलाचीच्या, म्हणजे मधे मुरंबा भरलेल्या गोड चेक पावांच्या, काचेच्या कपाटाजवळ एकटा कॉफी प्यायचा, आणि जर्दाळूच्या कोलाचीकडे असा बघायचा की तिचंही नुकसान ठरवायचं आहे.

मग त्याने केबल घेतली. एका सकाळी उठताना तो त्या टेबलापाशी थांबला आणि उपराष्ट्राध्यक्षांच्या शिकारीवर काहीतरी बोलला. टेबल हसलं. कोणीतरी पायाने खुर्ची सरकवली. त्या खुर्चीवर तो बसला तो बसलाच.

आता जोक सांगण्याची डेलमारची पद्धत ऐका. तो शेवट आधी सांगतो. पंचनाम्याची सवय. आधी आकडा, मग कारणं. न्यूयॉर्कच्या त्या माणसाने तीन मिनिटं रचून जो दणका शेवटी दिलेला असतो, तो डेलमार बसता बसताच देऊन मोकळा होतो आणि मग तो कशावर होता हे गंभीरपणे समजावत बसतो. तरी टेबल हसायचं. आर्डिथ तर डोळे पुसायची.

आर्डिथ म्हणजे एमिल झाराड्निकची विधवा. टेबलावरची एकमेव बाई, आणि गावातली एकमेव बाई जिला ऑर्गन, ट्रॅक्टर आणि चर्चचे पाद्री तिन्ही हाताळता येतात. ती हसली की डेलमारच्या मानेपासून लाली चढत टोपीखाली जायची. सकाळी कार्यक्रम बघताना मध्येच टेप थांबवून तो दाढी करायचा, हे मी खिडकीतून पाहिलंय. विम्याच्या कंपनीसाठी त्याने कधी दाढी केली नव्हती.

हे सगळं छान चाललं होतं. आणि त्या नोव्हेंबरात लेखक संपावर गेले.

टेबलामागचा सूटवाला जे बोलतो ते दुसरेच कोणी लिहितात, ही डेलमारला मोठीच बातमी होती. मी त्याला वर्तमानपत्र दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तो स्वतः काही बोलतच नाही?"

"नाही ना," मी म्हटलं. "दुसऱ्याचं बोलतो आणि लोक त्याला हुशार समजतात. काय एकेक माणसं असतात!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चेहरा चर्चमधला ठेवला.

वेळ बघा काय साधली होती. आमच्याकडे जानेवारीत कॉकस, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडणारी गावसभा. अख्ख्या देशाचे इच्छुक अध्यक्ष आयोवात मुक्कामाला. डुकरांच्या गोठ्यात गव्हर्नर, बेकरीत सिनेटर. फोन उचलला की ध्वनिमुद्रित आवाज आपलं नाव घेऊन आपलीच काळजी करतो. एका उमेदवाराने आमच्या बेकरीत येऊन कोलाचीला डोनट म्हटलं आणि त्याचे लोक आठवडाभर खुलासे देत फिरले. असं भरघोस पीक पन्नास वर्षांत उभं राहिलं नसेल, आणि कापणारे संपावर! रात्री जुने भाग दाखवायला लागले. डेलमारला बातम्या कोऱ्याच गिळाव्या लागू लागल्या. सहाच्या बातम्या लागल्या की तो खुर्चीच्या कडेवर येऊन बसायचा, कोणीतरी आता काहीतरी म्हणेल म्हणून वाट बघायचा. कोणी काही म्हणायचं नाही. बातमी संपायची आणि सांधेदुखीच्या गोळीची जाहिरात लागायची.

एका संध्याकाळी मला म्हणाला, "लोर्ना, हे खरंच असं बोलतात? मधे कोणी हसत नाही तेव्हा फार भीती वाटते."

हे मात्र तो स्वतःचं बोलला होता. त्याच्या लक्षात आलं नाही.

आणि तरी संपाच्या बाजूने गावात सगळ्यात कडवा कोण, तर हाच. त्याचा बाप मांसाच्या कारखान्यात युनियनवाला होता. अंगणात त्याच्या उमेदवाराची पाटी होती, शेजारी त्याने स्वतः रंगवलेली दुसरी रोवली: 'लेखकांना त्यांचा वाटा द्या.' ज्या गावात कोणी आजवर लेखक पाहिलेला नाही, तिथे! लोक गाडी थांबवून विचारायचे, लेखक म्हणजे नेमका कोणत्या पक्षाचा उमेदवार.

"साधी गोष्ट आहे," डेलमार मला कुंपणापाशी सांगत होता. "लिहायचं यांनी, आणि ते फुकट वापरून मजा दुसऱ्याने मारायची. ही चोरी झाली."

"अगदी," मी म्हटलं. "मग तू किती पाठवतोस त्यांना?"

त्याला अचानक उजव्या कानानेच ऐकू येऊ लागलं.

बेकरीतली त्याची अवस्था मात्र बघवत नव्हती. मी रोज बघायला जात होते. पहिले काही दिवस त्याने जुन्या शिल्लकीवर काढले. मग नाइलाजाने पुन्हा दाखवलेल्या भागातला जोक ताजा म्हणून सांगितला, एका मंत्र्यावरचा.

व्हर्न कुबिचेकने फासे पेल्यात टाकले आणि खाली ठेवले. व्हर्न लिलाव पुकारणारा. चाळीस वर्षं गुरं, घरं, ट्रॅक्टर विकले त्याने. त्याची जीभ श्वासासाठीसुद्धा थांबत नाही. तोही विधुर. तोही आर्डिथच्या शेजारची खुर्ची बघून बसणारा.

"डेलमार, तो मंत्री तर उन्हाळ्यातच राजीनामा देऊन घरी गेला."

"हो, पण... घरी गेल्यावर."

"घरी गेल्यावर काय?"

डेलमारने कॉफी ढवळली. त्यात साखर नव्हती.

"कारखाना बंद पडला काय रे तुझा?" व्हर्न म्हणाला. टेबल हसलं. या हसण्याची दिशा वेगळी होती, आणि डेलमारला दिशा कळते. गारा कुठल्या बाजूने आल्या ते तो पानं बघून सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्याने घरी बनवलेला जोक आणला. मक्यापासून काढतात त्या इथेनॉल इंधनावरचा. खुर्चीत बसता बसताच म्हणाला, "उत्तर आहे मका!"

सगळ्यांनी कान पुढे केले.

"आणि प्रश्न?" आर्डिथने विचारलं.

डेलमारने छताकडे पाहिलं. प्रश्न तो विसरला होता.

त्यानंतर तो बेकरीत आलाच नाही. गुडघा दुखतो म्हणाला. दुखऱ्या गुडघ्याने तो रोज माझ्यासमोर त्याचं, माझं आणि पोस्टमनचं बर्फ उपसत होता.

नाताळ झाल्यावर मी गुलाशचं पातेलं घेऊन गेले. टीव्हीवर जुना भाग लावलेला, आवाज बंद. त्या सूटवाल्याबरोबर डेलमारचे ओठ हलत होते.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"डेलमार, तुझे जोक मला तुझ्याआधी ऐकू येतात. अंडं उकडायला लागलं की मी पेन्सिल घेऊन बसते, आज कोणता नेशील ते ओळखायला."

"आर्डिथला सांगितलंस?"

"अजून नाही. भाव वाढू देते."

तो हसला नाही. "कॉकसला मला बोलायचंय, लोर्ना. आमच्या उमेदवाराच्या कोपऱ्याचा पुढारी मी. मागे म्हणून बसलो आर्डिथला, की असं बोलेन की तू चालत माझ्या बाजूला येशील. तेव्हा लेखक कामावर होते."

"मग काहीतरी स्वतःचं लिही."

"संप चालू असताना?" तो ताठ बसला. "म्हणजे मी संपफोड्या होऊ?"

स्वतःचा जोक लिहिणं ही हॉलिवूडच्या लेखकांशी गद्दारी, असं तो मला गुलाश खात पटवून देत राहिला. असं कारण मी आळसासाठीसुद्धा कधी ऐकलेलं नाही.

"आणि ती नाही आली तर?" मी विचारलं.

त्याने टीव्हीकडे हात केला. "तर मग भिंतीशी. कोलाचीच्या कपाटाजवळ."

कॉकसची संध्याकाळ उजाडली, म्हणजे मावळली. थंडी अशी की गाड्यांच्या चाकांनी किंचाळत वळणं घेतली. आमच्याकडे हा कार्यक्रम शाळेच्या व्यायामशाळेत असतो. मतपेटी बितपेटी काही नाही. ज्या उमेदवाराचे तुम्ही, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, अख्ख्या गावादेखत. शेजारी, दंतवैद्य, सासू सगळे बघतायत. ज्या कोपऱ्यात माणसं पुरेशी नसतील तो कोपरा बाद. अर्धा तास मिळतो, तेवढ्यात दुसऱ्यांची माणसं ओढायची. लोकशाही म्हणून जगभर जे काही चालतं त्यात एवढा उघडा स्वयंवराचा प्रकार दुसरा नसावा. सभेची अध्यक्ष मी होते. माझ्या हातात घंटा आणि डोकी मोजण्याचा अधिकार. असला अधिकार मला द्यायला नको होता असं अनेकांचं मत आहे.

व्हर्नच्या कोपऱ्यात गरम चॉकलेटची बरणी, तीन प्रकारचे केक आणि त्याच्या उमेदवाराच्या टोप्या. डेलमारच्या कोपऱ्यात बटाट्याच्या वेफर्सची एक पिशवी आणि फक्त खुर्ची मिळाली म्हणून तिथे बसलेले एक आजोबा. मी मोजलं. व्हर्नचा कोपरा तरला. डेलमारच्या कोपऱ्याला एक डोकं कमी.

बास्केटबॉलच्या जाळीखाली अजून न ठरलेले दोघे-तिघे उभे होते. त्यात आर्डिथ, कोट न काढता, पर्स पोटाशी धरून. चार सिनेटरांनी तिच्या स्वयंपाकघरात बसून ॲपल-पाय खाल्ला होता आणि एकालाही तिने वचन दिलं नव्हतं. घंटा वाजली. दोन्ही विधुर निघाले.

व्हर्न आधी पोचला. आरोग्य विमा, शेतीचं अनुदान, इराक, सगळं त्याने एका श्वासात विकलं, आणि शेवटी हात वर करून म्हणाला, "आर्डिथ एकदा! आर्डिथ दोनदा!"

"व्हर्न, मी कालवड नाही," आर्डिथ म्हणाली. "चॉकलेट आण जा."

मग डेलमार. दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं. टोपी हातात. तोंड उघडलं आणि बाहेर काय यावं? सूटवाल्याचा जोक. मार्च महिन्यातला. शेवट आधी.

मी घंटा घट्ट धरली.

"डेलमार," आर्डिथ म्हणाली, "हा मार्चमधला आहे."

"तुला आठवतो?"

"आठवायला काय झालं? रात्री त्याच्याकडून ऐकला, सकाळी तुझ्याकडून. सगळे असेच ऐकलेत. माझ्याकडे केबल नाही असं तुला कोणी सांगितलं?"

व्यायामशाळेत पिन पडली असती तर मी तीही मोजली असती. व्हर्न चॉकलेटचा कप घेऊन अर्ध्यात थांबला. डेलमारची लाली मानेवरून निघाली आणि या वेळी झाकायला टोपी डोक्यावर नव्हती.

"मग तू हसायचीस कशाला?" त्याने अगदी हळू विचारलं.

"तू वाईट सांगतोस म्हणून. तो टीव्हीवरचा चांगलाच सांगतो, त्यात बघण्यासारखं काय? तू शेवट सांगून टाकायचास, आणि मग बाकीचा जोक असा आणायचास जसं कोणाचं सामान गाडीत राहून गेलंय. मी रात्री ऐकून झोपायचे ते सकाळी तू त्याचं काय करशील या आशेवर. दोन महिने झाले, सकाळ नाही मला."

डेलमारला यातलं किती कळलं कोण जाणे. त्याच्या चेहऱ्यावर अख्खं शेत झोपल्याची कळा होती. पण तीस वर्षांची सवय. शेत झोपलं की हा माणूस आत शिरतो. त्याने टोपी चढवली, मागे वळून स्वतःच्या कोपऱ्याकडे पाहिलं, वेफर्सकडे पाहिलं, खुर्चीतल्या आजोबांकडे पाहिलं.

"साठ टक्के गेलंय," तो म्हणाला.

"काय?"

"माझा उमेदवार. साठ टक्के नुकसान. वरची पानं गेली. भाषण लांब, पैसे संपले, केस त्याचे नाहीत. आयोवात पाचवा येईल, सहावाही येऊ शकतो. पाटी रोवली तेव्हाच मला माहीत होतं."

त्याच्या कोपऱ्यातल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. आपला पुढारी असा प्रचार करतोय हे त्यांना आत्ता कळत होतं.

"डेलमार," मी न राहवून म्हटलं, "तू कोणाच्या बाजूने बोलतोयस?"

"आकडा आधी," तो म्हणाला. "आता कारण. बेकरीत आला होता तेव्हा मी त्याला शेतात साचलेलं पाणी काढणाऱ्या जमिनीखालच्या पाइपांबद्दल विचारलं. तो म्हणाला, मला यातलं काही कळत नाही, तुम्ही सांगा. आणि बसला ऐकत. गाडी सुरू होती बाहेर, माणसं घड्याळ दाखवत होती, तरी बसला. मी बुंधा वाकवून पाहिला, आर्डिथ. मोडला नाही. बाकीच्यांचे नुसते हिरवे आहेत."

आर्डिथ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या पर्सपासून काहीतरी हलायला लागलं. खांदे, हनुवटी, आणि शेवटी ती अशी हसली की जाळीचा खांब धरावा लागला. डेलमार तिच्याकडे गोंधळून बघत होता, कारण त्याने जोक सांगितलेलाच नव्हता.

"आमच्या शेतातही तू असाच उभा होतास," ती डोळे पुसत म्हणाली. "असाच म्हणालास, आणि एमिलने तुला टोपी फेकून मारली."

"टोपी मी परत आणून दिली होती."

"धुऊन आणलीस! त्यानेच तो जास्त चिडला." तिने पर्स खांद्याला लावली. "चल. साठ टक्क्यांत माझी उभी राहायची जागा कोणती ते दाखव."

ती चालत गेली, अख्ख्या गावादेखत, वेफर्सच्या पिशवीपर्यंत. व्हर्न तिच्यासाठी आणलेलं चॉकलेट स्वतः प्यायला आणि त्याची जीभ भाजली. ती थांबल्याचा तेवढाच एक प्रसंग आमच्या गावाच्या इतिहासात आहे. मी डोकी मोजली. दोनदा मोजली, कारण व्हर्नने मागणी केली. कोपरा तरला.

राष्ट्राच्या भवितव्यावर याचा काय परिणाम झाला म्हणाल, तर डेलमारचा उमेदवार राज्यात पाचवा आला आणि आम्ही खुर्च्या घड्या करून ठेवतोय तोवर शर्यतीतून बाहेरही पडला. पंचनामा नेहमीप्रमाणे बरोबर.

काही दिवसांनी तो कार्यक्रम परत सुरू झाला. संप मिटलेला नव्हता, सूटवाला लेखकांशिवायच येऊन बसला होता. मी सकाळी डेलमारचं दुसरं फावडं परत द्यायला गेले. फावडं मी ऑक्टोबरपासून ठेवलं होतं, पण शेजारधर्माला मुहूर्त बघायचा नसतो. दाराच्या काचेतून दिसलं: आज गॅसवर दोन अंडी. आर्डिथ कोट काढून बसलेली. टीव्हीवर तो माणूस हातवारे करत होता, मधेच अडखळत होता, कागद नसलेल्या टेबलाकडे बघत होता. दोनशे माणसं बेतानेच हसत होती.

"बिचारा," आर्डिथ म्हणाली. "संपलाच हा."

डेलमारने खुर्ची पुढे ओढली, डोकं जरा तिरपं केलं आणि पडद्याकडे नीट निरखून पाहिलं.

"इतकं काही झालेलं नाही," तो म्हणाला.

आर्डिथ हसत सुटली, आणि मी घरी पोचले तरी माझ्या कपाटातल्या बश्या किणकिणत होत्या, त्या काही टीव्हीच्या आवाजाने नव्हे.